राडारोडा कुठे टाकायचा हे विचारण्याआधी तो निघणार कसा ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तिसऱ्या मजल्यावरचं तीसेक वर्षं जुनं घर आहे, बाथरूम आणि स्वयंपाकघर पूर्ण उखडायचंय, मधली एक भिंत काढायचीय. ठेकेदार म्हणतो "मलब्याचं टेन्शन घेऊ नका, रातोरात गायब करतो", घरात चार वर्षांचं मूल आणि दम्याचा त्रास असलेली आई आहे, आणि तुम्हाला कळत नाहीये की एवढा राडारोडा सुरक्षितपणे काढायचा कसा आणि टाकायचा कुठे. शिवाय मित्राला अंगणात भरावासाठी थोडा हवाय, तो द्यावा का.

मी वीसेक वर्षं ही नूतनीकरणाची कामं करतोय, आधी साइट सुपरवायझर होतो आता स्वतः ठेके घेतो, त्यामुळे तुमच्या ठेकेदाराची बाजूही मला माहितीये, आणि म्हणूनच "रातोरात गायब" ऐकलं की माझे कान टवकारतात. मलबा गायब होत नसतो, तो कुठल्यातरी नाल्याच्या कडेला नाहीतर कुणाच्यातरी मोकळ्या प्लॉटवर जाऊन पडतो. पण तुमची खरी अडचण ती जागा नाहीये. राडारोड्याचं पुढे काय होणार हे हातोडा पडायच्या आधीच ठरलेलं असतं. एकदा विटा, प्लास्टर, जिप्समचं सिलिंग, रंगवलेली दारं, ट्यूबलाइटच्या काचा असं सगळं एका ढिगात कालवलं की त्या अख्ख्या ढिगाची किंमत त्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीएवढी होते, मग तो कुठलाही रिसायकलिंगवाला घेत नाही आणि माणूस आपोआप नाल्याकडे वळतो.

बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणजे इमारत कधीची, तुमच्याकडे नियम काय, लिफ्ट आहे का, खाली गाडी लागते का. त्यामुळे मी "असंच करा" न म्हणता मी स्वतः कसं करतो आणि का करतो ते सांगतो.

पहिलं काम तोडायचं नाहीच, घरातून वही घेऊन एक फेरी मारायची. जे तोडायचंय त्यात काय काय दडलंय ते लिहायचं. तीस वर्षं जुन्या घरात मला दोनच गोष्टींची खरी भीती वाटते, एक ॲस्बेस्टॉस आणि दुसरं शिसं.

ॲस्बेस्टॉस कुठे असतं तर जुने सिमेंटचे नालीदार पत्रे, सिमेंटचे राखाडी पाइप, गरम पाण्याच्या पाइपावरचं पांढरट लेपण, काही जुन्या व्हिनाइल टाइल्स आणि त्यांच्या खालचा काळा गोंद, काही सिलिंगचे बोर्ड. नुसतं बघून ओळखता येत नाही, मलाही येत नाही, आणि "मला बघून कळतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तुकडा लॅबला देणं हाच मार्ग आहे. तो तुकडा पण पाणी मारून, मास्क लावून, अगदी नखाएवढा घ्यायचा आणि डबल पिशवीत घालायचा, किंवा सरळ लॅबच्याच माणसाला बोलवायचं. ब्रिटनने यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी, युरोपीय संघात २००५ पासून, आणि कित्येक देशांत ते आजही वापरात आहे, त्यामुळे तुमच्याकडचं वर्ष आणि इमारतीचं वर्ष ताडून बघा. जागेवर शाबूत असलेला पत्रा सहसा कुणाला काही करत नाही, त्याला ग्राइंडर लावला, ड्रिल मारलं किंवा तो फोडला की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात जाऊन बसतात ते निघत नाहीत, आजार दिसायला बऱ्याचदा वीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणूनच लोकांना ते गंभीर वाटत नाही, कारण फोडणारा दुसऱ्या दिवशी ठणठणीत कामावर येतो. लॅबने हो म्हटलं तर तिथलं काम थांबवा आणि परवानाधारक माणसाकडून काढून घ्या. तो पत्रे फोडत नाही, पाणी मारून बोल्ट सोडवून अख्खे उतरवतो, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळतो, वर लेबल लावतो, आणि ते वेगळ्या ठिकाणी जातं, तुमच्या बाकीच्या मलब्यात त्याचा तुकडासुद्धा जाता कामा नये.

शिसं असतं जुन्या ऑइलपेंटमध्ये, म्हणजे दारं, खिडक्या, ग्रिल. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, बाकीच्यांनी आपापल्या वेळेला, काहींनी खूप उशिरा. तुमच्या घरात चार वर्षांचं मूल आहे म्हणून हे जरा जोर देऊन सांगतोय, कारण मुलं जमिनीवर खेळतात, बोटं तोंडात घालतात, आणि जागतिक आरोग्य संघटना सरळ म्हणते की मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानता येत नाही. उपाय सोपा आहे, जुना रंग कोरडा घासायचा नाही, ब्लोलॅम्पने जाळायचा नाही, दार चौकटीसकट अख्खं काढून गुंडाळून बाहेर न्यायचं.

बाकी किरकोळ गोष्टी पण त्याच फेरीत टिपून घ्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या आधीच काढून खोक्यात ठेवा. जुना एसी ओढून काढू नका, आधी मेकॅनिककडून गॅस काढून घ्या. अर्धवट संपलेले रंगाचे डबे, थिनर, ॲसिडच्या बाटल्या हे मलब्यात नाही, ते घातक कचरा म्हणून वेगळं द्यायचं.

आता वजन. हे कुणालाच खरं वाटत नाही म्हणून हिशोबच मांडतो. तुमची मधली भिंत समजा तीन मीटर लांब, तीन मीटर उंच, साडेचार इंची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, तर ती होते साधारण सव्वा घनमीटर. विटांचं बांधकाम घनमीटरला १९०० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एकट्या त्या भिंतीचं वजन जवळपास २४०० किलो. पंचवीस किलोची एक गोणी धरली तर पंचाण्णव-शंभर गोण्या, एका भिंतीच्या, बाथरूम-किचनच्या टाइल्स आणि खालचा मसाला अजून मोजलाच नाही. फुटल्यावर मलबा फुगतो पण, मधे हवा शिरते, दीडपट जागा धरून चालायचं. गाडी ठरवताना लोक भिंतीच्या मापाने ठरवतात आणि मग अर्धा मलबा जिन्यात पडून राहतो.

घराची स्लॅब बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या चालत्या भारासाठी, म्हणजे माणसं आणि सामान यांच्या वजनासाठी, डिझाइन केलेली असते. फुटलेल्या विटांचा एक फूट उंच ढीग चौरस मीटरला ३५०-४०० किलो भरतो. म्हणजे फूटभर ढीग म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणून माझ्या साइटवर नियम आहे की ढीग घोट्याच्या वर गेला की तोडणं बंद, आधी उचला. आणि बाल्कनीत तर काहीच नाही, एक गोणी पण नाही, कारण बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. मी नवा सुपरवायझर होतो तेव्हा मजुरांनी सोयीचं म्हणून साठ-एक गोण्या बाल्कनीत रचल्या होत्या, प्रत्येक गोणी काठोकाठ, चाळीस किलोची. मी पण काही बोललो नाही, मला वाटलं घर मोकळं राहतंय तर बरंच आहे. दुपारी इंजिनिअर आले, त्यांनी आरडाओरडा केला नाही, मला खडू दिला आणि तिथेच भिंतीवर गुणाकार करायला लावला. २४०० किलो आलं. चार चौरस मीटरच्या बाल्कनीत. मग आम्ही सगळे मिळून एक एक गोणी आत घेत होतो आणि मी सारखा त्या बाल्कनीच्या भिंतीलगतच्या सांध्याकडे बघत होतो, चीर दिसतेय का म्हणून. काही झालं नाही, पण तेव्हापासून तो गुणाकार मी प्रत्येक कामात करतो.

हां, आणि ती मधली भिंत काढायचीच आहे तर ती भार घेणारी नाही ना हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, ठेकेदाराने ठोकून "पोकळ वाजतेय" म्हटलेलं चालत नाही.

गोणीचं पण सांगतो. सिमेंटची रिकामी गोणी मलब्याने काठोकाठ भरली की चाळीस-पंचेचाळीस किलोची होते, तिसऱ्या मजल्यावरून ती खांद्यावर घेऊन उतरणाऱ्याची कंबर काय म्हणत असेल. अर्धीच भरायची, तोंड बांधायचं, वीस-पंचवीस किलो, फेऱ्या वाढतात पण माणूस आणि जिन्याच्या पायऱ्या दोन्ही शाबूत राहतात. लिफ्ट वापरायची परवानगी असेल तर सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता चारशे किलोच्या आसपास असते, दोन माणसं आणि दहा गोण्या, बस. दाराच्या खाचेत खडे जाऊन लिफ्ट अडकते म्हणून तळाला प्लायवूड आणि खाचेवर पट्टी. खिडकीतून खाली फेकणं हा प्रकार तर विचारातच आणू नका, खाली कितीही "बघतोय मी" म्हणून माणूस उभा केला तरी. फेकायचंच असेल तर बंद शूट, म्हणजे मलबा खाली सरकवायची बंद नळी, लावायची, खालचं तोंड ताडपत्रीने झाकलेल्या कंटेनरमध्ये, आणि भोवती अडसर.

आता धूळ, आणि तुमच्या आईच्या दम्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे. वीट, काँक्रीट, टाइल, दगड कापला किंवा फोडला की सिलिकाची बारीक धूळ निघते, जी दिसते ती जाड धूळ असते, ती नाकात अडकते, खरी त्रासदायक ती न दिसणारी जी तासन्‌तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने कामगारासाठी आठ तासांची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली. मी एकदा मजुरांना समजावायला याचा हिशोब केला होता, साधारण दहा फूट बाय तेरा फुटाच्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही, चिमूटभर मिठाचा शंभरावा भागही होत नाही. आणि ग्राइंडरने कोरडी टाइल कापली की काही मिनिटांत खोली पांढरी होते.

त्यामुळे पाणी. फवारणीचा साधा हातपंप घ्या, फोडायच्या आधी भिंत ओली, फोडताना बारीक फवारा, गोळा करायच्या आधी परत ओलं. धो-धो पाइप नाही, नाहीतर खालच्यांच्या छतातून गळेल आणि वायरिंगमध्ये शिरेल, म्हणून त्या खोलीची वीज आधीच मेनमधून बंद करा, नुसता बटणावर विश्वास नको, टेस्टरने बघा. कोरडा झाडू अजिबात नाही, सगळ्यात जास्त धूळ तोडण्यात नाही तर संध्याकाळच्या झाडण्यात उडते हे मी बघितलंय. घरातला साधा व्हॅक्युम पण नको, तो बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो, हेपा फिल्टरचा असेल तरच, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. कामाची खोली जाड प्लास्टिकने बंद करा, दारावर दोन पडदे एकमेकांवर चढवून, एसी बंद आणि त्याची तोंडं टेपने सील, खिडकीत एक पंखा बाहेर तोंड करून, म्हणजे घरातली हवा तिकडे ओढली जाते आणि धूळ घरात यायच्या ऐवजी बाहेर जाते. शेजाऱ्याची खिडकी समोरच नसावी एवढं बघा.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२, चेहऱ्याला घट्ट बसणारा, रुमाल बांधून काही होत नाही, दाढी असेल तर कडेने हवा शिरते. हा खर्च ठेकेदार टाळतो, म्हणून मी सांगेन तुम्हीच खोकंभर आणून द्या आणि मजूर ते काढून ठेवतात तेव्हा चिडू नका, उकाड्यात तो लावून काम करणं अवघड आहे, अर्ध्या तासाने थांबू द्या. आई आणि मूल मात्र तोडफोडीचे तीन-चार दिवस घरात नकोतच, पडदे कितीही चांगले लावले तरी. त्यानंतर ओल्या फडक्याने सगळं घर दोनदा पुसून मगच त्यांना आणा.

गटाराचं एक विसरायचं नाही. तोडायच्या आधी बाथरूमची जाळी, सिंकची, कमोडची तोंडं फडकं कोंबून वर प्लास्टिक चिकटवून बंद. एका कामात मी हे सांगायला विसरलो, मजुरांनी रोज संध्याकाळी घमेली आणि थापी तिथेच धुतली, पंधरा दिवसांनी खालच्या घरात पाणी उलटं यायला लागलं. पाइप कापून काढला तर आत सिमेंटचा गोल ठोकळा, पाइपाच्या मापाचा. नवीन पाइप, खालच्यांचं छत, माझ्याच खिशातून. आता एका पिंपात धुवायचं, गाळ रात्रभर बसू द्यायचा, तो घट्ट झाला की मलब्यात. वरचं पाणीसुद्धा फार क्षारीय असतं, ते झाडांना घालू नका, हातापायाची कातडी पण खाते.

कमोड आणि बेसिन फोडताना वर जाड पोतं टाकून मग घाव घाला, त्याच्या कपच्या वस्तऱ्यासारख्या असतात आणि गोणीतून आरपार येऊन उचलणाऱ्याच्या पाठीला लागतात.

मग वेगळं काढायचं कसं. मी तोडायचा क्रमच तसा लावतो, आतून हलकं ते जड. आधी लाइट, वायरी, नळ, दारं, कपाटं, मग सिलिंग, मग टाइल्स-भिंती. तोडल्यावर निवडत बसायला कुणाला वेळ नसतो पण क्रमाने काढलं तर निवडायची गरजच पडत नाही. वीट, काँक्रीट, दगड, टाइल, प्लास्टर हा एक गट, हा स्वच्छ असला तर क्रशरमध्ये जाऊन खडी, भराव, पेव्हर ब्लॉक असा परत वापरात येतो. चुन्यातल्या विटा असतील तर त्या अख्ख्या सुटतात आणि परत वापरता येतात, सिमेंटमधल्या बऱ्याचदा तुटतातच. लोखंड, तांबं, ॲल्युमिनिअम भंगारात, त्याचे उलट पैसे मिळतात. पण तांब्यासाठी वायरी जाळू देऊ नका, पीव्हीसी जळलं की ॲसिडचा वायू सुटतो. प्लायवूड, सनमायका, पॉलिश केलेलं लाकूड हेही शेकोटीला नाही. आणि जिप्सम वेगळंच ठेवा, ते बाकीच्या ओल्या कचऱ्यात गाडलं गेलं की हवा न लागता कुजून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जो विषारी आहे, त्यामुळे बरेच क्रशरवाले ढिगात जिप्सम दिसलं की गाडी परत पाठवतात.

उरला ठेकेदार. त्याच्याशी भांडू नका, करारात दोन ओळी घाला: मलबा कुठल्या अधिकृत ठिकाणी जाणार त्याचं नाव, आणि शेवटचा हप्ता तिथली पावती किंवा वजनकाट्याची चिठ्ठी दाखवल्यावर. भाव देताना तो वाहतुकीचे पैसे धरतच नाही म्हणून "गायब" करावं लागतं त्याला. तुम्ही ती रक्कम वेगळी मान्य केलीत की बहुतेक जण सरळ नेतात, मी सांगतो ना, आम्हालाही रात्री चोरून गाडी रिकामी करायची हौस नसते. वरून ताडपत्री आणि गाडी काठाच्या खाली भरलेली हे लोड होताना तुम्ही स्वतः उभं राहून बघा. बऱ्याच देशांत बेकायदा टाकलेल्या मलब्याची जबाबदारी ज्याचं घर त्याच्यावरही येते, त्यामुळे ती पावती आणि गाडीचा फोटो जपून ठेवा. आणि स्थानिक प्रशासनाला आधी एक फोन करा, काही ठिकाणी ठरावीक वजनापर्यंत ते स्वतः उचलतात, काही ठिकाणी आधी नोंद लागते.

आणि तुमच्या मित्राच्या भरावाचं, द्या, पण फक्त विटा आणि काँक्रीटचे तुकडे, रंग लागलेलं प्लास्टर, जिप्सम, काच, टाइलच्या धारदार कपच्या त्यात नकोत. पायवाटेखाली किंवा ओट्याखाली छान बसतो, वरून पाणी मारून थरा-थराने चोपायला सांगा. भाजी किंवा झाडं लावायच्या जागी मात्र नको, सिमेंट-चुन्याने माती क्षारीय होते, आणि त्यांच्या अंगणातून पावसाचं पाणी ज्या वाटेने जातं ती वाट आधी विचारून घ्या, तिच्यावर भराव पडला तर पाणी शेजाऱ्याकडे वळेल.